दहापैकी चार

कल्लाप्पाअण्णांना जेवायला वाढणं हे मोठं जिकिरीचं काम होतं. वाढणारा दोन पावलं लांब असतानाच ते दोन्ही तळवे ताटावर आडवे धरत आणि "नगं, नगं, बास झालं" असा पुकारा सुरू करत. मग आपण म्हणायचं, "अण्णा, एवढंसंच." ते म्हणायचे, "पोट फुटंल रं." आपण पुन्हा म्हणायचं. बराच आग्रह झाला की तळवे हळूच बाजूला सरकत आणि अण्णा मनसोक्त जेवत. बेळगावजवळ सांबऱ्याला त्यांच्या घरी सगळ्यांचीच ही रीत. पाहुण्यानं नको म्हणायचं, यजमानानं ते ऐकायचं नाही, आणि त्यातच दोघांचा मान.

माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा जेवायला आले. बायको शहरात वाढलेली, सरळ स्वभावाची. अण्णांनी तळवे आडवे धरले, तशी ती "बरं" म्हणून भाताचं पातेलं घेऊन आत गेली ती गेलीच. अण्णा एका भाकरीवर हात धुऊन उठले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "वैनींचा सैपाक झकास होता बग. पर जाताना नाक्यावर सायकल थांबवून भजी खाल्ली." बायकोला हे कळल्यावर ती बिचारी रडायचीच बाकी राहिली.

आम्ही दोघं बेळगावच्या एका कारखान्यात होतो. मी टाइम ऑफिसात कारकून, ते फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या खात्यात, चार्जमन. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे, पण निपाणीहून आलेल्या माझ्यासारख्या एकट्या पोराला त्यांनी पहिल्या दिवसापासून घरचं मानलं. कामात चोख, बोलण्यात गमत्ये. दुसरी पाळी मात्र कधी घ्यायचे नाहीत. कारण घरी दादा होता.

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. लहानपणी मेंदूत ताप शिरला आणि तेव्हापासून त्याचं वय तिथंच थांबलं. तो कल्लाप्पाअण्णांच्याच हातून खायचा. अण्णांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वैनींनी, घास पुढं केला की दात घट्ट आवळून बसायचा. म्हणून कामावर निघायच्या आधी आणि घरी परतल्यावर अण्णा त्याच्यासमोर मांडी घालून बसत. "आणि एक घास, दादा. एवढा कावळ्याचा. हा माजा. आता हा बैलाचा." स्वतःला आग्रह करायला लावणारा हा माणूस दुसऱ्याला असा आग्रह करायचा की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कारखान्यात नवे साहेब आले, लांबच्या मुलखातले. त्यांच्याबरोबर एक नवं खूळ आलं. दरवर्षी प्रत्येकानं आपल्या कामाला आपणच दहापैकी गुण द्यायचे. फॉर्म इंग्रजीत, त्यामुळे वाचून समजावून सांगायचं काम माझ्याकडं. म्हैसूरकडं नवा कारखाना निघत होता आणि कमी गुणांची माणसं तिकडं धाडणार, अशी कुजबुज होती. मग काय, सगळ्यांनी सढळ हातानं लिहिलं. पॅकिंगमधल्या एका गड्याला काम करताना कुणी पाहिलं नव्हतं, त्यानं बेधडक दहा लिहिले. अण्णांनी लिहिले चार.

"अण्णा, हे काय? चार?"

"मग? आपल्या ताटात आपणच ढीग वाढून घ्यायचा व्हय? सायेब हाय न्हवं वाढायला? त्यो म्हणंल, कल्लाप्पा, चार कसलं, आठ घे. मी न्हाय म्हणंन. मग त्यो घालंल."

"साहेब बाहेरचे आहेत. त्यांना ही रीत कुठली माहीत?"

"मानूस हाय न्हवं?"

"आणि म्हैसूरला धाडलं तर दादाचं काय?"

त्यांनी फॉर्मवरचा चार पुन्हा एकदा पाहिला. मला वाटलं, आता खोडतील. पण ते म्हणाले, "असं कसं धाडतील? इतकी वर्सं बघत्यात की समदी." आणि फॉर्म घेऊन गेले.

साहेबांनी एकेकाला बोलावलं. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. "सायबानं इचारलं, चार बरोबर हाय? मी म्हटलं, व्हय सायेब, तेवढंच आपलं. आता पुन्ना इचारतील म्हणून हुबा ऱ्हायलो. त्यांनी पुढच्याला हाक मारली की रं!"

दोन दिवसांनी म्हैसूरच्या यादीत अण्णांचं नाव निघालं, तसा मी धावत साहेबांकडं गेलो. त्यांनी हिंदीतून शांतपणे सांगितलं की, साऱ्या कारखान्यात खरं बोलणारा हा एकच माणूस मला भेटला. त्यानं स्वतः लिहिलं, सही केली, विचारल्यावर पुन्हा तेच सांगितलं. अशा माणसाचा शब्द मी कसा खोटा पाडू? मी आमच्याकडच्या पंगतीची रीत समजावू लागलो, तर ते कौतुकानं हसले. तोवर यादी मुख्य कचेरीत गेली होती. साहेब दुष्ट असते तर निदान भांडता तरी आलं असतं.

दादाला बरोबर न्यायचा प्रयत्न झाला. बस बघून तो रस्त्यातच फतकल मारून बसला आणि ओरडू लागला. नोकरी सोडावी तर दोन मुलं शिकत होती आणि शेत नावालाच होतं. शेवटी अण्णा एकटे गेले. जाताना त्यांनी ना साहेबांना शिवी दिली, ना मला बोल लावला. "रविवारी जात जा रं सांबऱ्याला," एवढंच म्हणाले.

मी जात होतो. कावळ्याचा घास केला, बैलाचा केला, अण्णांचा आवाजही काढून पाहिला. दादा माझ्याकडं बघायचा आणि तोंड फिरवायचा. वैनी कशीबशी पेज घशाखाली उतरवायच्या. अण्णा रजेवर आले की तो पोटभर जेवायचा, ते गेले की पुन्हा दात आवळायचा. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तेही तो उपटून टाकायचा. आपल्या डोळ्यांदेखत माणूस झिजतो आणि आपण हातात घास धरून बसून राहतो, याच्याएवढी लाचारी मी दुसरी पाहिली नाही. वर्ष उलटायच्या आत दादा गेला.

बाराव्याला अण्णा घरी होते. साहेबांच्या कानावर सगळं गेलं होतं आणि त्यांनाही वाईट वाटलं असावं. त्यांचा निरोप घेऊन मीच सांबऱ्याला गेलो. पाहुणे पांगल्यावर अण्णांच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "अण्णा, साहेब स्वतः म्हणालेत, यंदा फॉर्मात नीट दहा लिहायला सांग, त्याला परत इथं आणतो."

अण्णांनी मान हलवली. "लिवतो की दहा. आता कसली लाज?"

 मग माझ्याकडं वळून खरंच विचारल्यासारखं म्हणाले, "पर परत येऊन भरवू कुणाला रं?"