तीस दिवसांचं ट्रेनिंग

अमरावतीच्या एका ड्रायव्हिंग स्कूलने दर्यापूरच्या संघपालकडून ट्रक चालवायला शिकवतो म्हणून सात हजार रुपये घेतले आणि महिनाभर त्याच्याकडून हमाली करून घेतली. हमालाला निदान मजुरी तरी मिळते. हा पठ्ठ्या पदरचे पैसे मोजून पोती उचलत होता!

दहा-बारा वर्षं त्याने लोकांचे ट्रॅक्टर चालवले होते. लागोपाठ तीन सालं नापिकी झाली, मालकांनी ट्रॅक्टर विकून टाकले आणि हा घरी बसला. अकोल्याचा एक ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, जड वाहनाचं लायसन आण, लगेच गाडी देतो. लायसनला ट्रेनिंगचा दाखला लागत होता. त्याची आई इंदूबाई लोकांच्या शेतात निंदणाला जायची. तिने बायकांच्या हातापाया पडून पाळी यायच्या आधीच भिशी उचलली आणि सगळी रक्कम त्याच्या हातावर ठेवली.

अमरावतीच्या त्या स्कूलचा ट्रक एकच. तो रोज मालकाचं सोयाबीन बाजारातून गोदामात न्यायचा. पोती भरायची-उतरवायची शिकणाऱ्या चौघांनी, आणि भरलेली गाडी चालवायची मालकाच्या ड्रायव्हरने. परतताना रिकामी गाडी यांच्या हाती, तीही दहा-दहा मिनिटं. कोणी कुरकुरलं की मालक वामनराव म्हणायचे, "अंगात ताकद नसन तर ट्रक काय चालवशीन?"

तिसाव्या दिवशी वामनरावांनी हजेरीचं रजिस्टर पुढे केलं. महिनाभराच्या सह्या एका बैठकीत करायच्या होत्या. खऱ्या वाटाव्यात म्हणून टेबलावर तीन वेगवेगळी पेनंही ठेवली होती. लबाडीतसुद्धा केवढी ही टापटीप! प्रत्येक ओळीत आधीच लिहून ठेवलेलं: भरलेली गाडी, एक तास.

संघपालच्या अंगाची लाही लाही झाली. सही केली तर दाखला आत्ता हातात. नाही केली तर आईची भिशी पाण्यात.

"मी सही नाई करत," तो म्हणाला. "भरल्या गाडीचा ब्रेक मी एक डाव बी दाबला नाई. उद्या या कागदावर मी घाटात गाडी नेली, तर तुमच्या पोराले माह्या बाजूले बसवाल काय?"

वामनरावांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "लय शायना झाला काय? गाडी आता गोदामात न्याची हाये, संगं जा अन् पोती उतरव."

संघपाल बाहेर आला आणि दारात उभ्या भरलेल्या ट्रकच्या पायरीवर बसला. "भरली गाडी चालवू द्या, मंगच पोती उतरवतो." मग उरलेले तिघंही उन्हात त्याच्या शेजारी बसले. पोती उतरवणार कोण? गोदामातून फोनवर फोन येऊ लागले. गोदाम बंद व्हायला तासभर उरला तेव्हा वामनरावांनी शिव्या देत किल्ली संघपालकडे फेकली आणि ड्रायव्हरला त्याच्या बाजूला बसवलं.

गोदामाच्या वाटेवरच्या मोकळ्या मैदानात संघपालने पहिल्यांदा भरल्या गाडीचा ब्रेक दाबला. तो धरून चालला होता त्याच्या कितीतरी पुढे जाऊन गाडी थांबली.

याआधी मुकाट्याने सही करून गेलेल्या पोरांना हे कुठे कळलं असेल? रस्त्यावरच. समोर कोणीतरी असताना.