अवसेची भरती

सुभानपुऱ्यात माझी माती-पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे. कोणी गोड बोललं म्हणून माझ्या अहवालातला शब्द कधी बदललेला नाही. लोक मला फटकळ म्हणतात. म्हणोत बापडे.

धाकट्या भावाने कारखान्यातली नोकरी सोडली आणि जंबुसरच्या पुढे, खंभातच्या आखाताच्या काठाला कोळंबीचे तलाव करायचं ठरवलं. जागा योग्य असल्याचा दाखला बँकेला हवा होता, आणि तो मीच देणार हे घरात सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. मला विचारायची कोणाला गरज वाटली नाही. छाणीचं राहतं घर त्याने विकायला काढलं होतं. बायको, दोन मुलं, सगळा संसार त्या खाऱ्या जमिनीवर न्यायचा बेत होता.

जागा पाहायला आम्ही तीनदा गेलो. तिन्ही दिवस आईने पंचांगातून काढून दिले. रावपुऱ्यातल्या आमच्या घरी दाराला नवी कडीसुद्धा मुहूर्त पाहिल्याशिवाय लागत नाही. एकदा सप्तमी, एकदा दशमी, मग पुन्हा सप्तमी. मीही मुकाट गेले, त्यामुळे चुकीत माझाही वाटा आहे, तो मी नाकारत नाही.

गिरमिटाने खोलवरची माती काढून पाहिली. काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. खाडीच्या पाण्याचा खारेपणाही कोळंबीला मानवेल असाच होता. भरतीचं पाणी जिथे येऊन टेकलं तिथे भावाने खुंटी ठोकली, आणि बांधाची उंची त्या खुंटीवरून ठरवून टाकली. तो इतका खुशीत होता की परतताना अख्ख्या रस्ताभर गरब्याची गाणी म्हणत होता. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या खेपेला मात्र वेड्या बाभळीच्या काटेरी फांद्यांत वाळलेलं गवत अडकलेलं दिसलं. माझ्या कमरेइतक्या उंचीवर, आणि खुंटीपासून बरंच आत, जमिनीच्या बाजूला. झाडामागून झाड, सगळीकडे एकाच उंचीवर. वारा काही फूटपट्टी घेऊन गवत अडकवत नाही. जवळच एक म्हातारा कोळी जाळं सांधत बसला होता, त्याला विचारलं.

"बेन, अमासे आवो तो खबर पडे," तो म्हणाला. अवसेला या, म्हणजे कळेल, एवढंच सांगून त्याने पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

मला स्वतःचाच राग आला. आम्ही तिन्ही वेळा नेमके भांगाचे दिवस गाठले होते, म्हणजे समुद्र सगळ्यात मवाळ असतो ते. मोठं उधाण अवसेला आणि पुनवेला येतं. पुनवेला आमच्या घरी सत्यनारायण, आणि अवसेला शुभकामासाठी कोणी उंबरा ओलांडत नाही. पंचांग समुद्रही पाळतो, पण तो आमच्या सोयीने पाळत नाही.

येत्या अवसेला पुन्हा जायचं, असं मी घरी सांगितलं. आई म्हणाली, भावाच्या कामाला अपशकुन करू नकोस. भावजयीने तोंड फिरवलं. मी म्हटलं, मी जाणार, ज्याला यायचं त्याने यावं. भाऊ आला, पण मला खोटं पाडायला आला.

दुपारी चारच्या सुमाराला पाणी आलं. तळव्याला आधी थरथर जाणवली, मग आवाज, आणि बघता बघता खाडी भरून वर निघाली. खुंटी बुडाली. आम्ही मागे सरलो, पुन्हा मागे सरलो, तरी पाणी गुडघ्याला लागलं. समोर काठाची मोठी ढेप सुटली आणि पाण्यात गेली. ज्या जागी तो घर बांधणार होता तिथे गढूळ पाणी गरगरत होतं. भाऊ पांढराफटक पडला होता. तरी म्हणाला, "बांध आणखी उंच घालू. ताई, तू सही कर, पुढचं मी बघतो."

"काठच तुटतोय, तिथे बांध कशावर उभा करशील? मी सही करणार नाही."

"मग दुसऱ्या कोणाची आणतो."

"आण. पण त्याला अवसेला इथे उभा कर, आणि मग सही घे."

घरी परतल्यावर अहवालात मी लिहिलं, जागा अयोग्य. दुसऱ्या कोणाला त्याने नेलं नाही. छाणीचं घर विकलं गेलं नाही, मुलं त्याच शाळेत जातात, तो तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये काम करतो. नातेवाइकांत मात्र बभ्रा झाला की बहिणीने भावाचं स्वप्न मोडलं. होय, मोडलं. पुन्हा विचारलंत तर पुन्हा मोडीन.

या भाऊबीजेला तो आला नाही. ओवाळणीचं ताट मी संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं. मला रडू आलं, तेही सांगून टाकते. आई शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "एक सही तर होती गं. सख्ख्या भावासाठी तेवढंही करवलं नाही तुला?"

"सख्खा होता म्हणूनच नाही केली," मी म्हटलं. "परका असता तर पहिल्याच सप्तमीला माती-पाणी पाहून सही करून मोकळी झाले असते."