हळद फक्त हिरव्या झाडांना

आमच्या राईतली वाळलेली झाडं लॉरीत चढली तेव्हा मी घरी पंख्याखाली आडवी पडून मासिक वाचत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण राग दुसऱ्यांवर काढायला मला फार आवडतं.

राई पापनाशम गावाच्या अलीकडे, कालव्याकाठी. मधे ग्रामदेवतेचं ठाणं, भोवती मोह, कडुनिंब, जांभूळ, कडेला ताड. देखभाल पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याकडे. मागच्या वादळात कितीतरी झाडं मोडली आणि उभ्या उभ्या वाळली. मग लाकूड जाळून वीज करणाऱ्या एका कारखान्याचा कंत्राटदार आला. शर्टाला कडक इस्त्री, बोलणं मधाळ. हिरव्या झाडाला आम्ही शिवतही नाही, म्हणाला. वाळलेलं लाकूड म्हणजे कचरा, तो जाळला की तेवढा कोळसा वाचतो. त्याच्या कागदावर हिरवं पान छापलं होतं. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली बाई मी, आणि मला ते पटलं.

मजूर परगावचे, तेव्हा कुठलं झाड ठेवायचं त्याची खूण हवी होती. खूण आमच्याकडे आहेच. देवीच्या झाडाला हळदीत भिजवलेलं फडकं बांधायचं, मग त्याला कोणी कुऱ्हाड लावत नाही. सकाळभर मी फडकी बांधत फिरले. बांधावरच्या वठलेल्या मोहापाशी आत्या उभी होती. तिचं भाताचं शेत राईला लागूनच आहे. मोहाच्या ढोलीत गव्हाणी घुबडांची जोडी होती, म्हणून यालाही बांध, असं ती म्हणाली. मी तिला समजावलं की हळद सवाष्णीची, जित्या झाडाची. मेलेल्याला हळद आपल्यात चालत नाही. आत्याचा नवरा गेल्यापासून वीस वर्षं तिच्या कपाळाला हळद लागली नव्हती. ती शेताकडे वळली, आणि मला तेव्हा काहीच कळलं नाही.

लॉऱ्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. फडकी बांधलेली झाडं शाबूत होती. बाकी सगळं साफ. खाली पडलेल्या फांद्या, कुजके ओंडके, ज्यांच्याखाली घोरपड अंडी घालायची आणि पावसात अळंबी उगवायची, तेसुद्धा खरडून नेलं होतं. अंगण झाडून घ्यावं तशी जमीन उघडी पडली होती. तोडलेल्या मोहाच्या खुंटाशी घुबडाची दोन पिल्लं मरून पडली होती, त्यांना मुंग्या लागल्या होत्या. मी कंत्राटदाराला फोन केला. तुमचं एकही खुणेचं झाड आम्ही तोडलेलं नाही, असं तो अदबीनं म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्या कानशिलात द्यावी असं वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःच्या. एवढं सगळं पोटात घेऊन उभं असलेलं झाड यांच्या लेखी मेलेलं, आणि ते जाळून केलेली वीज हिरवी. चीड येते मला त्या शब्दाची अजून.

त्या हंगामात आत्यानं नेहमीप्रमाणे शेतात नारळाच्या झावळ्यांचे दांडे उलटे रोवले, घुबडांना बसून उंदीर टिपता यावेत म्हणून. एकही घुबड बसलं नाही. भात पोटरीला आलं तसं उंदरांनी ते बुडातून कापायला सुरुवात केली. शेतकी कचेरीतून विष घालायचा सल्ला मिळाला. विष खाल्लेला उंदीर उरलंसुरलं घुबड खाईल, म्हणून आत्यानं ते घातलं नाही. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला हे कळत होतं.

एका सकाळी मी गेले तर ती बांधावर बसली होती, मांडीवर उंदरांनी कापलेल्या भाताच्या ताटांची मूठ. वर न बघताच तिनं विचारलं, "तूं शाळेंत शिकवीत होतीस किं, मेल्या झाडांत कोण कोण राहतें म्हणून?"

शिकवत होते. दरवर्षी परीक्षेत पाच नावं लिहायला सांगत असे, आणि जो घुबड विसरेल त्याचा अर्धा मार्क कापत असे.