धबधबा चढलेला मळ्या

ओढेसरांना एसटीत कधी उभं राहावं लागलं नाही. बादली, जाळं आणि फॉर्मॅलिनच्या बाटल्या घेऊन ते गाडीत चढले की पुढची दोन बाकं आपोआप रिकामी व्हायची. "बघ शिरोळकर, शास्त्रज्ञाला समाज मान देतो," असं ते मला सांगत. समाज नाकाला रुमाल लावून मागं उभा असायचा.

शिरोळकर म्हणजे मी. हे माझं आडनाव नव्हे. शिरोळहून आलो म्हणून सरांनी चिकटवलेलं नाव. एकोणीसशे सत्तरच्या सुमाराला मी कोल्हापुरात प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि नोकरी मिळेना म्हणून सरांच्या हाताखाली विज्ञानाची सेवा करायचं ठरवलं. सर कॉलेजात शिकवत आणि ओढ्यातल्या माशांवर संशोधन करत. कुठला मासा कुठल्या डोहात राहतो, काय खातो, पाणी आटलं की कुठं जातो. कृष्णाकाठी वाढलेल्या मला माशाबद्दल एवढंच ठाऊक होतं की तो शेवटी ताटात जातो.

सर राहायला शिवाजी पेठेत. बादली घेऊन परतले की तालमीच्या कट्ट्यावरून कुणीतरी हमखास विचारायचं, "काय सर, कसं दिलं किलो?" सर पक्के शाकाहारी. न थांबता म्हणायचे, "विकायचे नाहीत. अजून त्यांचं ऐकून झालेलं नाही." कट्टा हसायचा. कॉलेजही हसायचं, फक्त इंग्रजीत. या कामामुळं जिल्ह्यातली मासळी किती वाढली, असं प्राचार्य दरवर्षी विचारायचे. "माशांनी तो विषय माझ्याकडं काढलेला नाही," हे सरांचं दरवर्षीचं उत्तर.

आमचा ओढा गगनबावड्याच्या वाटेवर होता. त्यात दोन डोह, एक वर, एक खाली. मधे दोन पुरुष उंचीचा धबधबा. तिथला मळ्या नावाचा बोटभर मासा तोंडाखालच्या चकतीनं खडकाला चिकटून बसतो. हा मळ्या आपला डोह सोडतो का, हा सरांचा प्रश्न. त्यासाठी मासे धरायचे, खुणेसाठी नखं कापायच्या कात्रीनं छातीच्या पराचं, म्हणजे पोहायच्या पंखाचं, टोक छाटायचं आणि पुन्हा त्याच डोहात सोडायचे. वरच्या डोहातल्यांचा डावा पर, खालच्यांचा उजवा. शेजारच्या शेतातले धोंडीमामा बांधावर बसून हे बघायचे. "धरायचं आनि परत सोडायचं, ही कसली शिकार म्हनायची पावणं?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मलाही तेच वाटत होतं.

पावसाळा सरल्यावर आम्ही खुणा केल्या. खालचा डोह सरांनी घेतला, वरचा माझ्यावर सोपवला. संक्रांतीनंतर पुन्हा जाळं टाकलं, तर वरच्या डोहात उजवा पर छाटलेले मळे निघाले. एक नाही, दोन नाही, चांगले अकरा. खालचे मासे धबधबा चढून वर आले होते!

सर गुडघाभर पाण्यात उभे राहून हसत होते. मी त्यांना तसं कधीच पाहिलं नव्हतं. मामा म्हणाले, "सर, माझी हयात गेली हितं. मळ्या वर चढताना न्हाई बगितला की." सर म्हणाले, "मामा, तुमची पाठ फिरल्यावर चढत असतील." त्या संध्याकाळी शाकाहारी सरांनी कट्ट्यावर माशांच्या नावानं पेढे वाटले. पुण्याच्या परिषदेनं त्यांना पहिल्यांदाच बोलावलं. प्राचार्यांनी त्यांना समोर बसायला खुर्ची दिली. वीस वर्षं हसणारं कॉलेज एका मळ्यामुळं गंभीर झालं.

भाषणासोबत दाखवायला फोटो हवे होते. सर म्हणाले, "पर कसा छाटलास ते धरून दाखव." मी ऐटीत मासा धरला, कात्री लावली आणि हात तिथंच थांबला. माशाचं तोंड माझ्याकडं होतं. आमच्या घरी मासा साफ करायला असाच धरतात, तोंड आपल्याकडं, शेपूट पलीकडं. म्हणजे मी इमानेइतबारे छाटलेली डावी बाजू माझी होती. माशाची उजवी.

मळ्या कुठंही गेला नव्हता. होता तिथंच होता.

चार दिवस मी गप्प बसलो. खरं म्हणजे गप्प बसण्यात मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकी चिकाटी दाखवली. पाचव्या दिवशी सर इस्त्रीचा कोट घालून एसटी स्टँडवर उभे होते. अंगाला फॉर्मॅलिनचा वास नव्हता, साबणाचा होता. तो वास मला सोसेना. पुण्याची गाडी लागली आणि मी सगळं सांगून टाकलं.

सर खुश असले की 'अरे' म्हणत, चिडले की 'अहो'. मी 'अहो'ची वाट बघत उभा होतो.

"तोंड तुझ्याकडं का धरलंस?"

"घरी साफ करताना तसंच धरतात, सर."

ते बाकावर बसले. समोरून गाडी सुटली. ती वळणाआड गेल्यावर म्हणाले, "चढला असता तर बरं झालं असतं रे." मग पिशवीतून दशम्या काढल्या. "तुझ्या काकूंनी पुण्यापर्यंतच्या दिल्यात. इथंच संपवू."

पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही सगळं पहिल्यापासून केलं. मळ्या आपला डोह सोडत नाही, असं सिद्ध झालं. मामा म्हणाले, "सांगितलं हुतं की." प्राचार्यांनी खुर्ची काढून घेतली. कट्ट्यावर नवा प्रश्न आला, "सर, आज किती चढलं?" सर त्यावरही हसायचे. मी आडोशानं चालायचो.

पुढं मी मास्तर झालो. सर गेल्यावर काकूंनी त्यांच्या वह्या माझ्याकडं दिल्या. अकरा मळ्यांचं पान त्यांनी फाडलं नव्हतं. वाचता येईल अशी एकच रेघ मारली होती. त्याला परिषदेला पाठवलेल्या पत्राची नक्कल टाचलेली होती. 'निष्कर्ष मागे घेत आहे. वरच्या डोहातील खुणा करताना माझ्या हातून डावे-उजवे झाले.'

माझ्या हातून.

संशोधनात माझ्या नावावर लागावी अशी एकच गोष्ट माझ्याकडून घडली होती. तीही सरांनी स्वतःच्या नावावर करून घेतली.