मास्तरांचा टीव्ही आणि बाबांचं अरबी

आई गेल्यानंतरच्या वर्षी, २००५ च्या सप्टेंबरात, बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, फ्रिस्कोला आले. नागपूरच्या घरात ते एकटे पडले होते आणि फोनवर रोज एवढंच बोलायचे, "सगळं ठीक आहे." मीच हट्टानं तिकीट पाठवलं. इथे आल्यावर कळलं की समोर बसूनही ते तेवढंच बोलतात.

तशी आम्हाला एकमेकांची सवय कधी झालीच नव्हती. मी चार वर्षांची असताना बाबा कुवेतला नोकरीला गेले. एअर कंडिशनरच्या सुट्या भागांचं एक गोदाम होतं, तिथे स्टोअरकीपर. वर्षातून एक महिना यायचे, चॉकलेटं आणायचे, माझी प्रगतीपुस्तकं एकदम वाचायचे आणि जायचे. १९९० मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि बाबांची नोकरी संपली. तेव्हा मी नववीत होते. पुढे चार वर्षांत मी इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर गेले, मग नोकरी, लग्न, अमेरिका.

शुक्रवारी मी वर्क फ्रॉम होम करायचे. अशाच एका शुक्रवारी बाबा अकराला फिरायला गेले ते बारा वाजून गेले तरी आले नाहीत. मी मीटिंग कॅन्सल केली आणि बघायला निघाले. चार घरं सोडून एका गॅरेजचं दार उघडं होतं. आत दोन घडीच्या खुर्च्या, एक जुना टीव्ही आणि त्याच्यापुढे बाबा. मांडीवर थाप मारून हसत होते आणि अरबीत भराभरा बोलत होते.

मी बाबांना अरबी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतकं बोलतानाही ऐकलं नव्हतं.

"ये, ये," मला बघून ते म्हणाले. "हे मास्तर आहेत. बसऱ्याचे. टीव्हीचा आवाज आला म्हणून मी थांबलो."

मास्तर बाबांच्याच वयाचे होते. इराकमध्ये, बसऱ्याला प्राथमिक शाळेत शिकवायचे. ९१ साली तिथलं बंड चिरडलं गेल्यावर ते बायकामुलांसह पळाले, काही वर्षं वाळवंटातल्या निर्वासितांच्या छावणीत काढली आणि आता इथे लेकीकडे राहत होते. त्यांचा टीव्ही गॅरेजमध्ये, कारण ते टीव्हीशी भांडतात अशी लेकीची तक्रार होती. गॅरेजच्या छपरावर बसवलेल्या डिशवर अरबी बातम्यांची वाहिनी लागायची, आणि शुक्रवारी दुपारी तिच्यावर वादाचा एक कार्यक्रम असायचा. दोन पाहुणे, मध्ये सूत्रधार आणि जगभरातून येणारे प्रेक्षकांचे फोन.

पुढच्या शुक्रवारपासून मीही लंच ब्रेकमध्ये तिथे जाऊ लागले. मास्तर छोट्या काचेच्या पेल्यात काळा, गोड चहा द्यायचे. टीव्हीवरचं आणि मास्तरांचं बोलणं बाबा मला मराठीत सांगायचे, आणि आमचं मास्तरांना अरबीत.

"हा म्हणतो, तुमचं सरकार चोर आहे. तो म्हणतो, तू विकला गेला आहेस. आता हे बघ, फोनवर बाई आहे, ती म्हणते तुम्ही दोघंही गप्प बसा." असं उघड बोलता येतं हे बाबांना खरंच वाटत नव्हतं. "अगं, मी होतो तेव्हा तिकडच्या बातम्या म्हणजे काय? अमीर, म्हणजे तिथला राजा, कुणाला भेटला, कोण कुठल्या सोफ्यावर बसलं. नुसते सोफे!"

"आमच्याकडे सोफाही एक आणि माणूसही एकच," मास्तर म्हणाले.

त्यांची बहीण अजून बसऱ्यात होती. जुन्या राजवटीत घरावर डिश सापडली तर तुरुंग ठरलेला. राजवट कोसळली आणि महिन्याभरात तिच्या गच्चीवर डिश आली. आता कार्यक्रम संपला रे संपला की बहिणीचा फोन यायचा आणि भावंडं अर्धा तास वाद घालायची. पूर्वी त्या घरात पोरं खोलीत आली की मोठी माणसं गप्प व्हायची, कारण पोरं शाळेत जाऊन बोलतील.

"आणि बोलायचीच," मास्तर म्हणाले. "एखादा हळूच येऊन सांगायचा, काल आमचे वडील टीव्हीवर थुंकले. मी म्हणायचो, पाढे म्हण."

मास्तरांना ती वाहिनी आवडायची असंही नाही. रक्त पुन्हा पुन्हा दाखवतात म्हणून ते चिडायचे. बहिणीची दोन मुलं असल्याच एका कार्यक्रमावरून एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. "पूर्वी भीतीनं गप्प होती, आता रागानं," ते म्हणाले. पण शुक्रवार त्यांनी चुकवला नाही.

नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी वाद इराक आणि कुवेतवर होता. पाहुणे नेहमीसारखे ओरडत होते. मग कुवेतहून एका बाईचा फोन आला. ती ओरडली नाही. बाबा मला हळू आवाजात सांगत होते, की तिच्या भावाला तेव्हा सैनिकांनी घरातून नेलं, आणि इतक्या वर्षांनी वाळूतून त्याची हाडं सापडली. मध्येच बाबा सांगायचे थांबले.

मास्तरांनी उठून टीव्ही बंद केला. असं त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. खाली बघत ते बराच वेळ बोलले. बाबांनी ऐकून घेतलं, मग तेही बोलले. मास्तरांनी काहीतरी विचारलं. बाबांनी एका शब्दात उत्तर दिलं. मग मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बाबांनी खुर्ची पुढे ओढून त्यांचं मनगट धरून ठेवलं. मला कुठे बघावं ते कळेना.

घरी परतताना मी विचारलं, "काय झालं, बाबा?"

"माफी मागत होते."

"कशाची?"

"त्यांच्या टीव्हीवर तेव्हा सांगितलं होतं, शेजाऱ्यांनी बोलावलं म्हणून आपली फौज मदतीला गेली. मास्तरांनी वर्गात तेच शिकवलं. नकाशात कुवेत आपल्या रंगानं रंगवून घेतलं पोरांकडून. मला म्हणाले, तू तिथे होतास आणि मी वर्गात तुझ्यावर रंग मारत होतो."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

बाबा थोडं चालले. "तिसऱ्या दिवशी एक सैनिक गोदामात आला. मला वाटलं, संपलं. त्यानं पाणी मागितलं. मी कूलरचं दिलं. मग तो म्हणतो, तुम्हीच बोलावलंत ना आम्हाला? मी म्हटलं, मी हिंदुस्थानातला माणूस. पण दहा वर्षं इथे आहे, कुणी बोलावलं नाही तुम्हाला. तो तसाच उभा राहिला. मग बाटली भरून घेतली, शुक्रन म्हणाला आणि गेला. हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, कुठला होता? मी म्हटलं, मोसुलचा. बसऱ्यापासून पार दुसऱ्या टोकाचं शहर."

"मोसुलचा होता?"

"बसऱ्याचा. असेल वीस-बावीस वर्षांचा." बाबांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "पंचवीस वर्षं शिकवलं त्या माणसानं. आता रात्रभर एकेकाचा चेहरा आठवत बसला असता."

मी पंधरा वर्षांपूर्वीचं घर आठवत होते. बाबांची काहीच बातमी नव्हती तेव्हा. आई ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरात, न्हाणीत, जाईल तिथे घेऊन फिरायची. सहा आठवड्यांनी बाबा अम्मानमार्गे विमानानं आले, बारीक झालेले, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. मी दारात उभी राहून बघितलं होतं आणि पुढे होऊन त्यांची पिशवी घेतली होती.

"आईला माहीत होतं हे?"

"नाही. तिनं विचारलं नाही. आधी रडली, मग भाजी आणायला गेली."

"मीही नाही विचारलं."

"तुझी सहामाही होती," बाबा म्हणाले, जणू त्यात काही वावगं नव्हतंच.

पुढच्या शुक्रवारी ते दोघं पुन्हा टीव्हीपुढे बसले होते आणि मास्तर सूत्रधाराला शिव्या देत होते. मार्चमध्ये बाबा निघाले, तेव्हा मास्तर निरोप द्यायला आमच्याकडे आले. खजुराचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला आणि बाबांना इतका वेळ मिठीत धरलं की माझ्या नवऱ्यानं घड्याळ बघितलं. नंतर दर शुक्रवारी मास्तर नागपूरला फोन करायचे आणि त्या आठवड्यात कोण कुणावर ओरडलं ते सगळं सांगायचे. २००८ मध्ये लेकीची नोकरी बदलली, ते मिशिगनला गेले, तरी फोन चालू राहिले.

मी रविवारी फोन करायचे. "सगळं ठीक आहे," बाबा म्हणायचे. ते परत गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी तेवढ्यावर फोन ठेवला नाही. "बाबा," मी म्हटलं, "त्या सहा आठवड्यांत तुम्ही राहिलात कुठे? जेवलात काय?"

 

"थांब," ते म्हणाले. "खुर्ची घेतो."