हवालदारांचं शूटिंग
परवा कपाट आवरताना बुरशी धरलेली व्हिडिओ कॅसेट हाती आली आणि नव्वदच्या दशकातलं वडूजचं एक लग्न आठवलं. मी तेव्हा लग्नांचं शूटिंग करायचो. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत निघाला होता, मागं एसटी हॉर्न वाजवत अडकलेली. तेवढ्यात हवालदार आले आणि त्यांनी बँडवाल्यावर काठी उगारली. माझा कॅमेरा चालूच. "ए, बंद कर ते! पोलिसाचं शूटिंग काढतोस व्हय रं? गुन्हा हाय!" मी बंद करायच्या बटणाकडं बोट नेलं, पण हातात कऱ्हा-दिवा धरलेली नवरदेवाची बहीण पुढं झाली. "आवं, भर रस्त्यात काठी उगारलीसा, समदं गाव बघतंय. कॅमेऱ्यानं बघितलं तर गुन्हा? कुठं लिवलंय, दावा की!" हवालदारांनी काठी खाली घेतली, बँड पुन्हा सुरू झाला. आठवड्यानं ते साध्या कपड्यांत माझ्या दुकानात आले. मला वाटलं, कॅसेट गेली. पण त्यांनी टीव्हीवर तेवढाच तुकडा तीनदा बघितला, पोट आत ओढलं आणि हळूच म्हणाले, "मी असा दिसतो व्हय रं?" हल्ली कुणी पोलिसांसमोर मोबाईल धरला आणि 'बंद कर' ऐकू आलं की वाटतं, साहेब, काढू द्या, एकदा घरी बसून बघा तरी.