कळंबे बाबूंची पेन्सिल

टीसीचा, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा, अर्ज पुढे सरकवला की कळंबे बाबू आधी त्यावर आपला तळहात ठेवायचे. वाचायचे नाहीत. कागद तसाच दाबून धरून चष्म्यावरून बघत विचारायचे, "काऊन जाऊन राहिली?" उत्तर काहीही द्या, पहिल्या दिवशी टीसी मिळायची नाही. पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं. "पयल्यांदा पोट्टे रागानं येतेत," ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा घरच्यांच्या म्हनन्यानं. तिसऱ्यांदा येतेत, तवा खरंच जायाचं असते."

बुटका बांधा, डाव्या कानावर पेन्सिल, खिशाला लाल पेन. कागद उडतात म्हणून डोक्यावरचा पंखा ते कधी लावू द्यायचे नाहीत, त्यामुळे जुलैच्या उकाड्यात त्यांच्यासमोर उभं राहणं ही एक शिक्षाच होती. हा माणूस खाल्ल्याशिवाय हलत नाही, असं पोरं म्हणायची. एका पालकाने संत्र्यांची पिशवी टेबलाखाली ठेवली, तर बाबूंनी शिपायाला त्याच्यामागे बसस्टँडपर्यंत पिटाळून ती परत केली होती. ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मला पोरांचंच खरं वाटायचं, कारण अडला तो माझा कागद होता.

मी मोहगावची. पांढुर्ण्याला आत्याकडे राहून बीएस्सीचं पहिलं वर्ष केलं. मग आईच्या कमरेचं ऑपरेशन झालं, तिला वाकायची मनाई झाली आणि घरी मी हवी झाले. मोहगावहून रोज जाऊन-येऊन करता येईल असं कॉलेज म्हणजे सौंसरचं. बाबा नगर पंचायतीत पाणीपुरवठ्यावर होते. त्यांचा हिशेब सरळ होता. "सौंसरले झालं तं शीक. नाई झालं तं बीएचा प्रायव्हेट फॉर्म भर, घरी बसून." बीएस्सी घरी बसून होत नाही, प्रॅक्टिकल असतात, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. सौंसरला जागा मिळाली नाही तर माझी बॉटनी, झूऑलॉजी सगळं संपणार होतं, आणि प्रवेशाची शेवटची तारीख दहा दिवसांवर आली होती.

पहिल्या दिवशी बाबू म्हणाले, "तिकडची चिठ्ठी आन. जागा आहे म्हनून लिवून दे म्हना." मी सौंसरला गेले. तिथल्या खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, "आधी टीसी लावा, मग फॉर्म पाहू." मी तशीच परतले. घरी सांगितल्यावर बाबांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे रीतच तशी आहे. शाळा बदलायची म्हणजे आधी दाखला काढून आणायचा, पिशवीत घालून पेटीत ठेवायचा आणि मग नवी शाळा बघायला निघायचं. दाखला घरात आला की काम अर्धं झालं, असं सगळे मानतात. माझे तिन्ही दाखले बाबांनी असेच काढले होते आणि एकदाही काही बिघडलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी बाबा सोबत आले. बाबूंनी पुन्हा हात ठेवलेला पाहून ते भडकलेच. "आमच्या पोरीचा दाखला आहे, तुमच्या घरचा नाई!"

"पोरगी तुमचीच आहे दादा," बाबू शांतपणे म्हणाले. "पन नाव सध्या माह्या रजिस्टरात आहे. इथून काढलं आन तिथं नाई चढलं, तं मंधात पोरगी राहीन कुठं?"

मला मात्र संताप आला. मी तिथेच वहीचं पान फाडलं आणि प्राचार्यांच्या नावे तक्रार लिहिली, आमच्याकडच्या सरकारी रीतीप्रमाणे हिंदीत, चांगली सणसणीत. बाबू मुद्दाम टाळाटाळ करतात, विद्यार्थ्यांना त्रास देतात, असं सगळं. प्राचार्यांनी ती वाचली, त्यावर "आज ही टीसी दें, उत्तर दें" असं लिहिलं आणि आमच्याच हाती बाबूंकडे पाठवली. स्वतःविरुद्धची तक्रार बाबूंनी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली.

"अर्ज चांगला लिवला तू," ते म्हणाले. "तारीख नाई टाकली. टाक. बिनतारखेच्या कागदाले कोनी इचारत नाई."

मी रागारागात तारीख टाकली. त्यांनी टीसी लिहून दिली. देताना एवढंच म्हणाले, "उद्या जाशील तं हा कागद हातातून सोडू नको. आधी इचारजो, बायोत जागा आहे का." बाबांनी टीसी पिशवीत घातली. मी जिंकले होते आणि रात्रभर मला झोप लागली नाही.

सकाळी सौंसरच्या खिडकीशी मी कागद घट्ट धरूनच विचारलं. माणसाने यादी पाहिली. बायो भरलेलं होतं. "बीएत या, जागाच जागा आहे," तो म्हणाला, अगदी चांगुलपणाने. मी बाहेर पायरीवर बसले. हातात टीसी होती, म्हणजे पांढुर्ण्याहून माझं नाव गेलं होतं, आणि सौंसरला ते कुठेच नव्हतं. मंधात पोरगी राहीन कुठं, हे आता मला कळत होतं. एकदा नाव कापलं की त्या वर्षी परत घेत नाहीत, हे मी ऐकून होते. घरी जायची हिंमत नव्हती, म्हणून पांढुर्ण्याची बस धरली. जामसांवलीच्या देवळाशी बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले. माझे दोन्ही हात त्या कागदावर होते, मी जोडले नाहीत, आणि नंतर त्याचीही भीती वाटत राहिली.

ऑफिस बंद व्हायला अर्धा तास होता. मी टेबलासमोर जाऊन उभी राहिले. बाबूंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. उठून पंखा लावला. मग रजिस्टर उघडून माझ्यापुढे फिरवलं. गेलेल्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे लाल शाईने "टीसी दी गई" असं होतं. माझ्या नावापुढेही तेच होतं, पण पेन्सिलने.

"कम्प्युटरवरूनही नाव काढलं नाई तुहं," ते म्हणाले. "आन तो कागद इकडं. काऊन रडून राहिली बाप्पा? तू अजून इथंच आहे."

मी खरोखरच हुंदके देऊन रडले. प्राचार्यांनी आजच टीसी द्या असं लिहून दिलेलं असताना या माणसाने रजिस्टर कच्चं ठेवलं होतं. कोणी तपासलं असतं तर त्यांना जाब द्यावा लागला असता. मी म्हटलं, "बाबू, आता?"

"आता वर्गात बस. पयल्या यादीतले काही पोट्टे नागपूरले निंगून जातेत. जागा होते. मी फोन लावून पायतो."

ते सहा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. वर्गात बसायचे, पण कान ऑफिसकडे. घरी फोनवर "होऊन राहिलं" एवढंच सांगायचे, आणि बाबा विचारायचे, "मंग प्रायव्हेटचा फॉर्म आनून ठेवू का?" रोज अकराला बाबू सौंसरला फोन लावायचे. मी दारात दिसले की नुसती नकाराची मान हलवायचे. चौथ्या दिवशी तर मी दारापर्यंत गेलेच नाही. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वर्गातून बोलावलं. सौंसरची दोन मुलं नागपूरला गेली होती. जागा असल्याचं पत्रही त्यांनी मागवून घेतलं होतं.

मी टीसीसाठी हात पुढे केला. त्यांनी कागदावर तळहात ठेवला.

"काऊन जाऊन राहिली?"

"आई आजारी आहे बाबू. आणि मला बीएस्सी करायची आहे."

"हाव. मंधात रडत आली ते मी मोजत नाई. ही तिसरी चक्कर तुही." त्यांनी हात उचलला. पेन्सिलच्या अक्षरांवरून लाल पेन फिरवलं. "जा. पोचली का फोन करजो."

मी फोन केला नाही. प्रवेश मिळाला त्या आनंदात राहूनच गेला. बीएस्सी झाली, बीएड झालं, बोरगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. बाबू गेल्याचं मला आत्याकडून कळलं, तेही महिन्याभराने. निवृत्तीनंतर दोनच वर्षं मिळाली त्यांना.

यंदा एका कागदाच्या नकलेसाठी पांढुर्ण्याच्या कॉलेजात गेले. बाबूंच्या खुर्चीवर आता एक तरुण क्लार्क आहे, पंखा जोरात. त्याने माझ्या वर्षाची फाइल काढली आणि तीत माझा अर्ज शोधताना वहीचं एक फाटकं पान वर आलं. माझी तक्रार. खाली प्राचार्यांचा शेरा, आणि त्याखाली कळंबे बाबूंच्या हातचं उत्तर, एकाच ओळीचं: "शिकायत सही है। देरी मैंने की।" मागे एक ताकीदपत्र टाचलं होतं. सेवापुस्तिकेत नोंद घेतल्याचं त्यावर लिहिलं होतं.

म्हणजे मी सौंसरच्या प्रयोगशाळेत बेडूक चिरत होते, तेव्हा हे झालं होतं. ताकीद मिळाली ती माझ्या तक्रारीमुळे, आणि ती तक्रार मागे घ्यायची असते हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी त्या क्लार्ककडे कोरा कागद मागितला आणि उभ्या उभ्याच लिहिलं, की अमुक तारखेची माझी तक्रार खोटी होती, ती मी मागे घेते, ताकीद रद्द करावी.

क्लार्कने वाचलं. "मॅडम, कळंबे बाबू तं वारले ना. आता याचा काय मतलब?"

"फाइलला लावा," मी म्हटलं.

तो लावायला लागला, तेवढ्यात मी कागद परत ओढून घेतला. तारीख टाकायची राहिली होती.